न पोचलेल्या हुकमाची नोंद

राज्यकारभाराचा इतिहास लिहिताना आपले इतिहासकार बहुधा हुकमांच्या मागे जातात. कोणी, कोणास, कोणत्या तारखेस काय फर्माविले, हे कागदांवरून ठरविता येते आणि त्यावरून कारभाराचे चित्र उभे करता येते. परंतु हुकूम सुटला म्हणजे पोचला असे होत नाही, आणि पोचला म्हणजे अमलात आला असेही होत नाही. सुटलेल्या हुकमांपैकी किती पोचले, किती वाटेत राहिले, आणि राहिलेल्यांची दाद कोणी घेतली की नाही, या प्रश्नांवर कारभाराची खरी परीक्षा होते. आजच्या व्याख्यानात आम्ही श्रोत्यांचे लक्ष याच बाजूकडे वेधणार आहोत.

यासाठी आम्ही निवडलेले क्षेत्र थोडे नवे आहे. ते आहे संगणकांच्या कारभाराचे. कचेरीत, बँकेत, बंदरावर आज शेकडो संगणक एकमेकांस जोडलेले असतात. त्यांची देखभाल करणारा माणूस प्रत्येक यंत्रापुढे जाऊन बसत नाही. करावयाचे काम तो एकदाच लिहून काढतो. यंत्रांच्या नावांची यादी त्या आज्ञावलीच्या हाती देतो. आणि ती आज्ञावली एकेका यंत्राचे दार ठोठावून काम उरकते. जे यंत्र साद देत नाही त्याचे नाव वेळेसह एका निराळ्या वहीत उतरते. ऐकावयास ही गोष्ट किरकोळ वाटेल. पण या वहीचे महत्त्व किती, हे नवी मुंबईच्या किनाऱ्यावर २०१७ साली घडलेल्या एका प्रसंगातून फार स्पष्टपणे कळते. त्या प्रसंगापर्यंत आपणास क्रमाक्रमाने जावयाचे आहे.

दूरवर हुकूम पाठवावयाचा आणि त्याची नोंद ठेवावयाची ही विद्या आपल्याकडे नवी नाही. मोडी कागदांच्या शेवटी मोर्तबाच्या जोडीला ‘बार’ असा शेरा आढळतो. कागद दप्तरात नोंदला गेल्याची ती खूण. आजही आपल्या सरकारी कचेऱ्यांत टपालाच्या नोंदीला ‘बारनिशी’ म्हणतात. आवक वेगळी, जावक वेगळी. जासूद बहुधा जोडीने निघत. एकास वाटेत काही झाले तरी दुसऱ्याने थैली पोचवावी, हा त्यातला हिशेब. म्हणजे न पोचण्याची शक्यता आमच्या पूर्वजांनी गृहीतच धरली होती. पुढे इंग्रजी अमदानीत कोर्टाचा बेलिफ समन्स घेऊन गेला आणि घराला कुलूप दिसले, तर तसा शेरा मारून तो कागद परत आणी. पोस्टमनही ‘घर बंद’, ‘पत्ता सापडत नाही’ असे लिहून पत्र माघारी देतो. हा शेरा मारणारा माणूस कारभारातला फार मोलाचा माणूस असतो, कारण त्याच्यावाचून हुकूम पाठविणारा आपल्याच समजुतीत राहतो.

उत्तर न येण्याचा अर्थ लावणे किती कठीण असते, हे महाराष्ट्राला पानिपताने शिकविले. १७६० च्या अखेरीस भाऊसाहेबांच्या फौजेचा दक्षिणेशी असलेला टपालाचा मार्ग अब्दालीने तोडला. नानासाहेब पेशवे उत्तरेकडे निघाले होते. छावणीची पत्रे येईनाशी झाली होती. वाट बंद झाली, जासूद मारला गेला, लिहावयास सवड मिळाली नाही, की लिहिणारेच उरले नाहीत? या चारही गोष्टींचे बाहेरून दिसणारे लक्षण एकच, आणि ते म्हणजे पत्र आले नाही. १४ जानेवारी १७६१ ला झालेल्या संहाराची वार्ता पेशव्यांना सुमारे दहा दिवसांनी, भेलशाच्या आसपास, एका सावकारी पत्रावरून कळली. मौन एकच असते, त्याची कारणे अनेक असतात. ही गोष्ट ध्यानात ठेवून आता यंत्रांकडे वळू.

संगणक या देशात आले तेव्हा हा प्रश्न नव्हता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तयार झालेला संगणक १९६० साली पुरा झाला आणि पंडित नेहरूंनी १९६२ साली त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. १९६४ साली त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हे परदेशी यंत्र आले. यंत्र एक, खोली एक, आणि त्यापुढे रांग लावून उभे असलेले संशोधक अनेक. भोके पाडलेल्या कार्डांचे गठ्ठे घेऊन माणसेच यंत्राकडे जात. यंत्र बिघडले तर ते खोलीतल्या सर्वांना तेथल्या तेथे दिसे. गैरहजेरीची वही ठेवण्याचे कारणच नव्हते, कारण हजेरी घ्यावयाचे विद्यार्थी एकाहून अधिक नव्हते.

यंत्रे अनेक झाली आणि एकमेकांपासून दूर गेली, तेव्हा ही वही जन्मास आली. आपल्याकडे तिचा आरंभ मुंबईतच झाला म्हणावयास हरकत नाही. १९८५ साली राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, म्हणजे ‘एनसीएसटी’, ही संस्था टाटा संस्थेच्या संगणक-विभागातून उभी राहिली. श्रीनिवासन रमणी हे तिचे संचालक होते. १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स खात्याने संयुक्त राष्ट्रसंघाच्या साहाय्याने ‘अर्नेट’ हे शैक्षणिक संगणकजाल विणावयास घेतले. त्यात जुहूचे हे केंद्र, पवईची आयआयटी, दिल्ली, कानपूर, खरगपूर आणि मद्रास येथील आयआयटी, बंगळूरची विज्ञानसंस्था आणि खुद्द ते खाते, असे आठ भागीदार होते. जुहू आणि पवई यांच्यातील टपाल साध्या दूरध्वनीच्या तारेवरून जाऊ लागले. १९८९ साली जुहूच्या केंद्रातून अमेरिकेतील व्हर्जिनियाच्या ‘यूयूनेट’शी टपालाची देवघेव सुरू झाली. एनसीएसटीचा पसारा पुढे नवी मुंबईतही, खारघर-बेलापूरच्या बाजूस, वाढला. आणि २००३ साली ती संस्था सी-डॅकमध्ये विलीन झाली.

जुहू-पवईच्या या टपालाची रीत समजून घेण्यासारखी आहे. तिचे नाव ‘यूयूसीपी’. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ती तयार झाली आणि १९७९ च्या युनिक्स प्रणालीबरोबर सर्वत्र पसरली. दोन यंत्रे सदासर्वकाळ जोडलेली नसत. पाठवावयाचे कागद एका जागी रांगेने साठवावयाचे. ठरलेल्या वेळी, तारा मोकळ्या असताना, यंत्राने दुसऱ्या यंत्राला दूरध्वनी लावावयाचा. पलीकडून साद आली की साठलेले टपाल द्यावयाचे, तिकडचे घ्यावयाचे आणि तार सोडून द्यावयाची. नुसती पत्रेच नव्हे, तर ‘अमुक काम तुझ्याकडे कर’ असा हुकूमही या वाटेने जाऊ शके. साद आली नाही तर? तार मिळाली नाही, पलीकडचा मोडेम गप्प राहिला, परवलीचा शब्द चुकला, असे कारण नोंदवहीत उतरे, काही काळ थांबून पुन्हा प्रयत्न होई, आणि दिवसेंदिवस साद मिळाली नाही तर मूळ पाठविणाऱ्यास ‘पोचले नाही’ म्हणून कळविता येई. आपल्या दूरध्वनीच्या तारांची त्या काळची अवस्था ज्यांना आठवते, त्यांना ही नोंदवही किती भरत असेल हे सांगावयास नको. तथापि याच नम्र गृहीतकामुळे ते जाल चालले. तार तुटणारच, हे धरून ज्याची आखणी केली ते तुटक्या तारेवरही चालते.

पुढे यंत्रे कायमची जोडली गेली आणि कामाचे स्वरूप पालटले. १९८३ साली अमेरिकेत दोन साधने आली. बर्कलीच्या युनिक्सने एका यंत्रावर बसून दुसऱ्या यंत्रावर हुकूम चालविण्याची सोय सर्वांच्या हाती दिली. आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात माइक म्यूस या अमेरिकन लष्कराच्या प्रयोगशाळेतील माणसाने ‘पिंग’ नावाचा एक चिमुकला कार्यक्रम लिहिला. समुद्रात सोनार यंत्र ध्वनी सोडून प्रतिध्वनीची वाट पाहते, त्या आवाजावरून हे नाव पडले. यंत्राला हाक घालावयाची आणि ‘ओ’ किती वेळात येते हे मोजावयाचे, एवढेच त्याचे काम. एका साधनाने हुकूम चालवावयाचा, दुसऱ्याने हजेरी घ्यावयाची. पुढील चाळीस वर्षांतील सारा यंत्रकारभार या दोन खांबांवर उभा राहिला.

आता आज्ञावली प्रत्यक्ष कशी चालते ते थोडक्यात पाहू. समजा, एका महापालिकेत एक हजार संगणक आहेत आणि सर्वांवर एक दुरुस्ती चढवावयाची आहे. आज्ञावली यादीतील पहिले नाव घेते, हाक घालते, उत्तर आले की काम करविते आणि निकाल लिहिते. उत्तर आले नाही तर किती थांबावे? येथे नवशिका कारभारी फसतो. त्याने थांबण्याची मर्यादा घातली नसेल, तर एका न आलेल्या पाहुण्यासाठी सारी पंगत खोळंबते. सकाळी येऊन पाहावे तो आज्ञावली सतराव्या यंत्राच्या दाराशीच उभी! म्हणून मर्यादा घालावी लागते. ती अर्ध्या मिनिटाची धरली आणि हजारांपैकी शंभर यंत्रे गप्प असली, तर नुसत्या वाट पाहण्यात तीन हजार सेकंद, म्हणजे पन्नास मिनिटे जातात. म्हणून पुढे एकाच वेळी अनेक दारे ठोठावण्याची पद्धत रूढ झाली. जी यंत्रे राहिली त्यांची यादी निराळी निघते, आणि दुसऱ्या दिवशी आज्ञावलीच्या हाती हजार नावे न देता तेवढीच शंभर नावे दिली जातात.

या नोंदीत एक सूक्ष्म भेद सांभाळावा लागतो. यंत्राने काम केले, हा एक प्रकार. यंत्र भेटले पण काम फसले, हा दुसरा. यंत्र भेटलेच नाही, हा तिसरा. या तिसऱ्याच्या पोटात पुन्हा अनेक कारणे आहेत. यंत्र बंद असेल, तार निघालेली असेल, नाव बदलले असेल, यंत्र मोडीत जाऊनही यादीत राहिले असेल, किंवा अनोळखी हाकेला ओ देऊ नये अशी त्याला शिकवण असेल. चौथा प्रकार सर्वांत अवघड: हुकूम पोचला, कामही झाले, पण ‘झाले’ हा निरोप परत येताना तार तुटली. अशा यंत्राला पुन्हा हुकूम द्यावा की न द्यावा? घरातल्या उदाहरणाने सांगावयाचे तर ‘घागरीत एक तांब्या ओत’ हा हुकूम दोनदा पोचला तर पाणी सांडेल; पण ‘घागर काठोकाठ भरलेली असू दे’ हा हुकूम दहादा दिला तरी बिघडत नाही. ओस्लो येथील मार्क बर्जेस यांनी १९९३ साली रचलेल्या ‘सीएफएंजिन’पासून पुढची सारी साधने या दुसऱ्या तऱ्हेच्या हुकमाकडे वळली. २०१२ साली आलेल्या ‘अँसिबल’ या साधनाचा निकालपत्रक पाहिला तर त्यात ‘काम फसले’ आणि ‘यंत्र पोचण्यापलीकडे’ यांचे रकाने वेगवेगळे आढळतात. दोन्ही एकाच रकान्यात कोंबणारा कारभारी आजारी मुलाला आणि शाळा बुडविणाऱ्या मुलाला एकच छडी मारणाऱ्या मास्तरासारखा होय.

आणि एक पाचवा प्रकार असा, की जो कोणत्याच रकान्यात दिसत नाही. तो म्हणजे मूळ यादीतच नसलेले यंत्र. त्याला हाक जात नाही, म्हणून ते गैरहजरही ठरत नाही. खानेसुमारीत सुटलेल्या घराची जी गत तीच त्याची. म्हणून हुकमाच्या आधी यादी, आणि यादीच्या आधी शिरगणती, हा क्रम कोणत्याही काळच्या कारभाराला सुटलेला नाही.

येथवर आम्ही या विद्येची उजळ बाजू सांगितली. परंतु ज्या वाटेने हुकूम जातो त्याच वाटेने चोरही जातो. एका माणसाला हजार दारे उघडता यावीत म्हणून हजार दारांना एक किल्ली केली की ती किल्ली हरवण्याचे मोलही हजारपट होते. २ नोव्हेंबर १९८८ रोजी अमेरिकेत रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला एक स्वयंचलित कार्यक्रम यंत्रायंत्रांतील परस्परविश्वासाच्या याद्यांचा आधार घेत पसरला, आणि त्या काळच्या अंदाजाप्रमाणे सुमारे सहा हजार यंत्रे त्याने अडवून धरली. १९९५ साली हेलसिंकीच्या टाटू इलोनेन यांनी ‘एसएसएच’ ही बंद लखोट्यातून हुकूम पाठविण्याची रीत काढली, तीही परवलीचे शब्द वाटेत चोरले गेल्यानंतरच. विंडोज यंत्रांच्या जगात मार्क रसिनोविच यांचे ‘पीएसएक्झेक’ हे दूरवर हुकूम चालविण्याचे साधन कारभाऱ्यांच्या नित्य वापरात होते. हे नाव श्रोत्यांनी लक्षात ठेवावे.

आता आपण नवी मुंबईत येऊ. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि खाडीपलीकडच्या गावांच्या जमिनीवर हे शहर वसू लागले. ठाणे-बेलापूर रस्त्यालगत आधी रसायनांचे कारखाने होते. आज महापे, रबाळे, ऐरोली या भागांत माहिती साठविणाऱ्या यंत्रांच्या प्रचंड इमारती उभ्या आहेत. दक्षिणेस उरण तालुक्यात न्हावा आणि शेवा या गावांच्या जमिनीवर मुंबई बंदराचा भार हलका करण्यासाठी बांधलेले जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ पासून चालू झाले, आणि पुढे ते देशातील अग्रगण्य कंटेनर बंदर ठरले. या बंदराचा तिसरा धक्का ‘गेटवे टर्मिनल्स इंडिया’ या कंपनीकडे आहे. २००६ साली तो सुरू झाला. डेन्मार्कच्या मर्स्क समूहाची त्यात मोठी भागी असून, वर्षाला सुमारे अठरा लाख कंटेनर हाताळण्याची त्याची क्षमता सांगितली जात असे.

कंटेनर बंदर बाहेरून यारी, ट्रक आणि जहाजे यांचे दिसते. त्याचा खरा प्राण नोंदीत असतो. एकावर एक रचलेल्या हजारो सारख्या पेट्यांपैकी कोणती कोणाची, तिच्यात काय आहे, ती कोणत्या जहाजावर चढावयाची आणि आत्ता आवारात कोठे ठेवली आहे, हे केवळ संगणकाला ठाऊक असते. ती नोंद गेली की पेट्या जागच्या जागी असूनही हरविल्यासारख्याच होतात.

२७ जून २०१७ रोजी नेमके हे घडले. आरंभ युक्रेनमध्ये झाला. तेथे कर भरण्यासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या ‘एमईडॉक’ या हिशेबाच्या कार्यक्रमाची सुधारित आवृत्ती नेहमीच्या वाटेने यंत्रांवर चढली आणि तिच्या पोटातून ‘नॉटपेत्या’ हा घातक कार्यक्रम बाहेर पडला. वरून तो खंडणी मागत असे. पण खंडणी देऊनही माहिती परत मिळण्याची सोय त्यात नव्हती. नाश हाच त्याचा हेतू होता. त्याची पसरण्याची रीत आमच्या विषयाच्या अगदी गाभ्यातली आहे. जुनी खोट दुरुस्त न केलेल्या यंत्रात तो थेट शिरे. मायक्रोसॉफ्टने त्या खोटीवरचे औषध १४ मार्च २०१७ लाच दिले होते, आणि १२ मेच्या ‘वॉनाक्राय’ने साऱ्या जगाला इशाराही दिला होता. परंतु ज्यांनी औषध घेतले होते तेही सुटले नाहीत. कारण एकदा एका यंत्रात शिरल्यावर तो त्या यंत्राच्या स्मृतीतून कारभाऱ्याच्या किल्ल्या काढून घेई, आणि मग पीएसएक्झेकसारख्या कारभाऱ्याच्याच साधनांनी शेजारच्या निरोगी यंत्रांना कारभाऱ्याच्या नावाने हुकूम देई. एक आज्ञावली, हजार यंत्रे, दार ठोठावणे, काम उरकणे आणि पुढे जाणे, ही तीच रीत त्याने उचलली. फक्त ते काम यंत्र पुसून टाकण्याचे होते. अमेरिकी सरकारने पुढे या हल्ल्याने जगाचे दहा अब्ज डॉलरांचे नुकसान झाल्याचा अंदाज केला, आणि २०२० साली रशियाच्या लष्करी गुप्तहेर खात्यातील सहा जणांवर आरोप ठेवले.

मर्स्कच्या ओडेसा येथील कचेरीत एका यंत्रावर ते हिशेबाचे साधन होते असे वृत्तांत सांगतो. तेवढे एक दार पुरले. कंपनीच्या जगभरातील ७६ धक्क्यांपैकी १७ ठिकाणी काम अडले, आणि त्यांत आपले न्हावा-शेवाही होते. काळ्या समुद्राच्या काठी उघडलेले एक दार, आणि उरणच्या रस्त्यावर ट्रक खोळंबतात! बंदराच्या अधिकाऱ्यांनी जहाजे जमतील तशी इतर धक्क्यांकडे वळविली, हातानेच काम चालविण्याचे प्रयत्न झाले, आणि मालाची कोंडी होऊन व्यापाऱ्यांना व आसपासच्या रहिवाशांना होणारा त्रास कमी करण्यासाठी धावपळ झाली. युक्रेनचे आणि आपले कोणतेही वैर नव्हते. आपला धक्का त्या जालाचा एक भाग होता, एवढेच.

आता या कथेतील सर्वांत विलक्षण भाग. मोठ्या कंपनीत कोणाला कोणते दार उघडावयाचा अधिकार आहे, याची मूळ वही काही ठरावीक यंत्रांवर असते. मर्स्ककडे अशी सुमारे दीडशे यंत्रे जगभर होती. ती एकमेकांची नक्कल सतत ठेवीत असत. एक बिघडले तर दुसऱ्यावरून ते उभे करता यावे, ही त्यातली योजना. पण सर्वच्या सर्व एकाच वेळी जातील, ही कल्पना कोणी केली नव्हती. नॉटपेत्याने नेमके तेच केले. इतर माहितीच्या प्रती होत्या, परंतु ही मूळ वही नसेल तर त्या प्रती उघडावयाच्या कोणाच्या अधिकाराने? शोधता शोधता घानातील कचेरीत एक यंत्र शाबूत सापडले. हल्ल्यापूर्वी तेथली वीज गेली होती. ते यंत्र जालापासून तुटले होते. त्या दिवशी त्याला हाक घातली असती तर ओ आली नसती. म्हणूनच ते वाचले. तेथली तार इतकी मंद होती की वही तारेवरून पाठवावयास दिवसचे दिवस लागले असते. घानातील कर्मचाऱ्यांकडे इंग्लंडचा परवाना नव्हता. म्हणून एकाने ती नायजेरियाच्या विमानतळावर नेऊन दुसऱ्याच्या हाती दिली, आणि त्याने ती इंग्लंडातील मेडनहेडला पोचविली. जगातील सर्वांत मोठ्या जहाजकंपनीला अखेर जासुदांची जोडीच कामी आली. कंपनीच्या अध्यक्षांनी जानेवारी २०१८ मध्ये सांगितल्याप्रमाणे दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक पुन्हा उभे केले गेले. नुकसान पंचवीस ते तीस कोटी डॉलरांच्या घरात गेले.

या प्रसंगातून कोणी असा निष्कर्ष काढील, की वीज जाणे चांगले किंवा यंत्र तुटलेले असणे चांगले. तो निष्कर्ष चुकीचा होईल. घानात जे घडले तो योगायोग होता, आणि योगायोगावर बंदरे चालविता येत नाहीत. आम्हांस त्यातून दिसते ते निराळे. गैरहजर यंत्रांच्या यादीत दोन टोके एकत्र नांदतात. मार्च महिन्यात ज्या यंत्रांपर्यंत दुरुस्तीचा हुकूम पोचला नाही ती यंत्रे याच यादीत होती, आणि अशा एका यंत्रातूनही शत्रू शिरू शके. संहाराच्या दिवशी ज्याच्यापर्यंत शत्रूचा हुकूम पोचला नाही ते यंत्रही त्याच यादीतले होते, आणि त्यातून सारे घर पुन्हा उभे राहिले. धोका आणि बियाणे, दोन्ही एकाच वहीत. ज्याने ती वही नीट राखली, कारणांसह राखली आणि रोज वाचली, त्याला धोक्याचे नाव आधी सापडते आणि बियाण्याचे नाव वेळेवर सापडते. ज्याने ‘नऊशे यंत्रांवर काम झाले, ठीक आहे’ म्हणून कागद मिटविला, त्याच्या शंभर मौनांचा अर्थ पुढे दुसराच कोणी लावतो.

यावरून दोन व्यावहारिक गोष्टी निघतात. एक, मूळ वहीची एक प्रत कोणत्याही हुकमाच्या कक्षेबाहेर, जालाशी न जोडता, मुद्दाम ठेवली पाहिजे. घानात जे दैवाने घडविले ते आपण नियमाने घडवावयाचे. आमच्या आजीबाई पुढच्या पेरणीचे बी खाण्याच्या कणगीत ठेवीत नसत. त्यांस हे शास्त्र ठाऊक होते. दुसरी, सर्व दारांची एकच किल्ली एकाच माणसाच्या कंबरेला असू नये. सोय थोडी घटेल, पण चोराचीही सोय तितकीच घटेल.

श्रोत्यांपैकी पुष्कळांना वाटेल की हा यंत्रे सांभाळणाऱ्यांचा मामला आहे. तसे नाही. आज आपली सहकारी पतपेढी, आपले रुग्णालय, वीजमंडळ, महापालिका आणि मुलांची शाळा या सर्वांचे कारभार अशाच जालांवर चालतात. वार्षिक सभेत आपण नफातोटा विचारतो, लाभांश विचारतो. संगणकांचा विषय निघाला की मात्र ‘ते तज्ज्ञ पाहतात’ म्हणून आपण गप्प बसतो. यंत्राच्या पोटातले आपणास कळले नाही तरी बारनिशी सर्वांना कळते. आपली यंत्रे एकूण किती, शेवटचा हुकूम किती यंत्रांपर्यंत पोचला, किती राहिली, राहिलेल्यांची कारणे लिहून ठेवली आहेत काय, आणि वेगळी ठेवलेली प्रत उघडून पाहिल्यास किती दिवस झाले, एवढे पाच प्रश्न कोणत्याही सभासदाला विचारता येतील. त्यांची उत्तरे आकड्यांत मिळाली तर समजावे की कारभार जागा आहे. उत्तर ‘सर्व काही ठीक आहे’ असे आले, तर गैरहजर यंत्रांची वही मागून घ्यावी आणि ती आधी वाचावी.